सोय मागायलाच हवी

पायथनच्या इंटरप्रिटरमध्ये ‘एक्झिट’ टाइप करून एंटर दाबलं, की वर्षानुवर्षं एक सूचना यायची: बाहेर पडायचं असेल तर पुढे कंस टाका, नाहीतर कंट्रोल-डी दाबा. म्हणजे समोरच्याला बाहेर पडायचंय हे ओळखूनही त्याला अडवलं जायचं. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 3.13 आवृत्तीपासून नुसतं ‘एक्झिट’ पुरतं. आधी लिहिलेलं अख्खं फंक्शनही वरचा बाण दाबून एकसंध परत आणता येतं. पूर्वी ते एकेक ओळ करून गोळा करावं लागे. भाषेच्या व्याकरणात यामुळे काडीचाही फरक पडला नाही. शिकणाऱ्याचं काम मात्र खूप हलकं झालं.

अशा सोयींच्या मागण्यांना ‘किरकोळ’ म्हणून बाजूला सारायची सवय प्रोग्रामर मंडळींमध्ये जुनी आहे. सरावलेल्याला अडचण जाणवत नाही. जाणवते ती नवशिक्याला, आणि तो चूक आपलीच समजून गप्प बसतो. 2020 साली, 3.9 मध्ये, पायथनने आपला पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, बदलला आणि त्याच्या जोरावर पुढच्याच वर्षी 3.10 मध्ये चुकांचे संदेश सुधारले. त्याआधी कंस मिटायचा राहिला तर बऱ्याचदा त्याच्या पुढच्या, पूर्णपणे बरोबर असलेल्या ओळीवर बोट ठेवून ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ एवढंच सांगितलं जाई. आता नेमका कुठला कंस उघडा राहिला ते कळतं. बरोबर असलेली ओळ पुन्हापुन्हा तपासत बसलेल्या विद्यार्थ्याला विचारा, ही सुधारणा किरकोळ आहे का.

इंटरप्रिटर सुधारला, पण लिनक्सवर त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट अजून खडबडीत आहे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स डिस्ट्रोंवर नुसतं ‘पायथन’ टाइप केलं तर अशी कमांडच नाही असं उत्तर येतं. ‘पायथन3’ म्हणावं लागतं. दोन आवृत्त्या शेजारी नांदत होत्या तोवर हे योग्यच होतं. पण पायथन 2 चा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. आता तो आकडा नवशिक्यावर लादण्याचं कारण उरलेलं नाही.

पुढचा अडथळा याहून मोठा. डेबियन 12 पासून ‘पिप’ या पायथनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने थेट एखादी लायब्ररी बसवायला गेलं की नकार मिळतो. सिस्टिमची स्वतःची काही साधनं पायथनवर चालतात, त्यांत ढवळाढवळ नको, हे कारण मला पूर्ण पटतं. तो नकार स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट तयार करायला सांगतो. ते करायला जावं तर त्यासाठीचं ‘पायथन3-व्हेन्व्ह’ पॅकेज अनेकदा बसवलेलंच नसतं, आणि ते बसवायला ‘सूडो’चा, म्हणजे अ‍ॅडमिनचा, अधिकार लागतो. कॉलेजच्या लॅबमधल्या मुलीकडे तो कुठून असणार? ज्या मार्गाने जा म्हणून सांगता, तो मार्ग मूळ इन्स्टॉलेशनमध्येच द्या, अशी मागणी डिस्ट्रो सांभाळणाऱ्यांकडे ठामपणे करायला हवी.

मराठी माणसाची आणखी एक मागणी असायला हरकत नाही. 2008 च्या पायथन 3.0 पासून व्हेरिएबलला ‘बेरीज’ किंवा ‘गुण’ असं देवनागरी नाव देता येतं. ‘१२३’ ही देवनागरी अंकांची स्ट्रिंग ‘इंट’ला दिली तर तो तिचं बिनतक्रार संख्येत रूपांतर करतो. चुकांचे संदेश मात्र फक्त इंग्रजीत. मूळ संदेश तसाच ठेवून खाली मराठी अर्थ दाखवण्याची सोय झाली, तर इंग्रजीशी झगडणाऱ्या मुलांना निदान चूक कुठे झाली ते तरी कळेल. मूळ संदेश हवाच, कारण नेटवर उत्तर त्याच्याच आधारे सापडतं.

हे सगळं कोणी आपणहून करून देणार नाही. वर्गात एकाच ठिकाणी मुलं वारंवार अडत असतील, तर शिक्षकांनी तसं लेखी कळवावं. आवृत्ती कोणती, नेमकं काय टाइप केलं, काय उत्तर आलं आणि काय यायला हवं होतं, एवढं पुरे. अडचण पॅकेजची असेल तर डिस्ट्रोकडे, इंटरप्रिटरची असेल तर पायथनकडे. दोन्ही ठिकाणी अशी नोंद कोणालाही करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत.