कृष्णेचे पाणी आणि महासमुद्र

समुद्राच्या प्रदूषणाचा विषय निघाला की हा मुंबईचा किंवा कोकणाचा प्रश्न आहे, असे म्हणून आपण सातारा-सांगलीकर मोकळे होतो. आपल्याकडे समुद्र नाही, हे खरे. परंतु समुद्राकडे जाणारी कृष्णा आपल्या दारावरून वाहते. महाबळेश्वरी तिच्या उगमापासून अरबी समुद्र सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. तरीही त्याकडे पाठ फिरवून ती पूर्वेस वळते. वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी असा आपला मुलूख भिजवीत ती कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश ओलांडते आणि सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणून समुद्राच्या प्रदूषणाची चर्चा आपण आपल्या गावच्या ओढ्यापासून सुरू केली पाहिजे, असे आमचे मत आहे.

कारणावाचून कार्य घडत नाही, ही भगवान बुद्धांची शिकवण. तिच्या प्रकाशात पाहिले तर येथे कारणे फार दूर शोधावी लागत नाहीत. पहिले कारण सांडपाणी. सांगलीचा शेरीनाला कृष्णेत मैला आणून सोडतो, ही तक्रार एक पिढी ऐकत मोठी झाली. दुसरे कारण उद्योगांचे, विशेषतः मळीमिश्रित, पाणी. सेंद्रिय घाण नदीत पडली की ती कुजविणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवितात आणि मासे गुदमरतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ नदीकाठी मृत माशांचा खच पडला, तो आपण सर्वांनी पाहिला. तिसरे कारण उसाच्या शेतातील अतिरिक्त खत व पाणी. त्याने वाळवा-मिरजेकडील जमिनी क्षारपड झाल्या आणि निचऱ्यावाटे तेच क्षार नदीत उतरले. चौथे कारण प्लॅस्टिक. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरल्यावर झाडांच्या फांद्यांना पिशव्यांची तोरणे लटकत होती. जे अडकले ते दिसले. जे वाहून गेले त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आपली सगळी घाण थेट समुद्रापर्यंत पोहोचते असे नाही. वाटेत आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणे आहेत. पुष्कळसा गाळ व कचरा तेथेच बसतो. म्हणजे आपण टाकलेले आधी दुसऱ्या कोणाच्या पिण्याच्या पाण्यात मुरते. पुढे समुद्रात खतातील नत्र व स्फुरद पोहोचले की शेवाळ माजते, ते कुजताना प्राणवायू घटतो आणि जलचर मरतात. मिसिसिपी नदीच्या मुखाशी, मेक्सिकोच्या आखातात, असा निर्जीव पट्टा दर उन्हाळ्यात तयार होतो. प्लॅस्टिक तर नष्टच होत नाही. त्याचे कण होतात, ते मासे गिळतात आणि माशांबरोबर माणसाच्या ताटात परत येतात.

पाली वाङ्मयात महासमुद्राचे आठ गुण सांगितले आहेत. नद्या समुद्रास मिळताच आपली नावे टाकून केवळ समुद्र होतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात येऊन एक होतात, हा दृष्टान्त आपल्या समाजास विशेष प्रिय आहे. त्याच उपदेशात आणखी एक गुण आहे. महासमुद्र प्रेत ठेवून घेत नाही, ते किनाऱ्यावर आणून टाकतो. आज आपण समुद्रास असे काही देत आहोत की जे तो बाहेर टाकू शकत नाही. आणि विनयात तर आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असा स्पष्ट नियम आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आपल्या नगरपालिकांना अजून पाळता आलेला नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून पाण्यावरील मानवी हक्क बजावला. ज्यांच्या पूर्वजांना पाणवठ्यावर उभे राहू दिले नाही, त्यांनी मिळविलेले पाणी विषारी निघावे, हा त्या संग्रामाचा अवमान आहे. नदी बिघडली की श्रीमंत घरी यंत्राने शुद्ध केलेले पाणी येते. कावीळ आणि अतिसार येतो तो नदीकाठच्या वस्तीत. गटारात उतरण्याची वेळही आपल्याच बांधवांवर येते. म्हणून हा प्रश्न आमच्या लेखी केवळ पर्यावरणाचा नाही, तो समतेचा आहे.

कोणी म्हणेल, कारखाने आणि नगरपालिका सोडून आमच्या एका पत्रावळीचा हिशेब कशाला? मोठ्या दोषींना जाब विचारलाच पाहिजे. त्यासाठी १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नद्यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही ठरविले आहे. परंतु १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर पाण्याच्या पाऊचांचा थर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाळूत, समुद्रापासून काही पावलांवर, प्लॅस्टिकचे पेले पडत असतील, तर आपल्या निवेदनाचे वजन कमी होते.

निवासी शाळा हे एक लहान गावच असते. भोजनगृहाचे व न्हाणीघराचे पाणी कोठे जाते, हे येथील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावे. ते शोषखड्ड्यात मुरावे, परसबागेस मिळावे. संस्थेच्या कार्यक्रमांतून प्लॅस्टिकचे पेले व ताटल्या हद्दपार व्हाव्यात. अस्थी व रक्षा नदीत न सोडता झाडाच्या मुळाशी ठेवण्याची प्रथा काही कुटुंबांनी स्वीकारली आहे. ती सर्वांनी स्वीकारावी. आणि जे माजी विद्यार्थी आज नगरपालिकेत, साखर कारखान्यात, पाटबंधारे खात्यात किंवा ग्रामपंचायतीत आहेत, त्यांनी आपल्या टेबलावरून जाणाऱ्या सांडपाण्याच्या प्रत्येक कागदावर सही करण्यापूर्वी नदीच्या खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्या बाईचा विचार करावा, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची विनंती आहे.