स्वस्त कॅमेरा, स्वस्त माणूस

आजचे युग चित्रांचे आहे असे आपण वरचेवर ऐकतो. वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, बँकेचे माहितीपत्रक, काहीही उघडा. छायाचित्रावाचून कोणाचे पान हलत नाही. यातील पुष्कळशी चित्रे स्टॉक एजन्सीकडून विकत घेतलेली असतात. पूर्वी या एजन्सींची दारे नावाजलेल्या छायाचित्रकारांनाच उघडी असत. २००० साली कॅनडात आयस्टॉकफोटो व २००३ साली अमेरिकेत शटरस्टॉक सुरू झाली आणि हौशी माणसालाही आपले चित्र विकता येऊ लागले. ही गोष्ट निःसंशय चांगली झाली.

परंतु या वार्तेने आपल्यातील कित्येक मित्र हप्त्यावर कॅमेरा घ्यायला निघाले आहेत. त्यांनी आधी हिशोब मांडावा. शटरस्टॉकने जून २०२० मध्ये छायाचित्रकाराचा वाटा १५ ते ४० टक्के ठरविला आणि एका विक्रीमागे किमान १० सेंट, म्हणजे आपले आठ-नऊ रुपये. या किमान दराने चाळीस हजारांचा कॅमेरा फेडायचा तर चित्रे साडेचार हजार वेळा तरी विकली गेली पाहिजेत! याला ऋण काढून सण करणे नाही तर काय म्हणावे?

मग गरिबाने या वाटेला जाऊच नये काय? तसे मुळीच नाही. शटरस्टॉक किमान ४ मेगापिक्सेलचे चित्र मागते. आपल्या खिशातील साधा फोनही बारा देतो. चित्र नाकारले जाते ते बहुधा अंधारामुळे, हात हलल्यामुळे किंवा चित्रात दाणे उमटल्यामुळे. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड फुकट आहे. समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की सावली मऊ होते. एवढ्यावर वर्षभर शिकावे; कॅमेऱ्याचा विचार मागाहून.

शिवाय आपल्याजवळ एक भांडवल आहे, ते दुकानात मिळत नाही. ज्वारीचे कणीस कोणते आणि बाजरीचे कोणते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. भाकरी आणि चपाती यांतला फरक आपण जाणतो. चित्राखाली अचूक नाव असेल तरच ते शोधणाऱ्याला सापडते. चूल, पाटा-वरवंटा, खळे, मिरच्यांचे वाळवण हे आपले विषय आहेत.

खरा प्रश्न पुढे आहे, आणि तो पैशाचा नाही. चित्रात ओळखू येणारा माणूस असेल आणि ते जाहिरातीसाठी विकायचे असेल, तर त्या माणसाची सही असलेले संमतिपत्र द्यावे लागते. वारीतल्या म्हाताऱ्या वारकऱ्याचा किंवा बांधावरच्या मजूर बाईचा अंगठा त्या इंग्रजी कागदावर घेणे सोपे आहे; पण तिला आपण काय सांगतो? उद्या तिचा चेहरा कोणत्या मालावर झळकेल हे आपल्या हाती राहत नाही. चित्रे यंत्राला शिकविण्यासाठीही दिली जातात. शटरस्टॉकने २०२३ साली ओपनएआयशी तसा सहा वर्षांचा करार केला. आपल्याला आठ रुपये मिळतात, तिला तेवढेही नाहीत.

कोणी म्हणेल, हे भरल्या पोटाचे शहाणपण आहे. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरी आजवर कागदावर अंगठे उठत आले, त्यांच्याच मुलांनी शिकून पुन्हा दुसऱ्याचा अंगठा घ्यावा, हे कसले शिक्षण? संमतिपत्र आधी मराठीत वाचून दाखवावे, चित्र कोठेही जाऊ शकते हे स्पष्ट सांगावे, मिळकतीतला वाटा कबूल करावा. ती "नको" म्हणाली तर फोन खिशात घालावा. आपल्या प्राध्यापकांनी असा एक मराठी नमुना तयार करून दिला, तर छायाचित्र स्पर्धेच्या ढालीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

मित्रहो, कॅमेरा स्वस्तातला घ्या, उसना घ्या, नाहीतर घेऊच नका. पण माणूस मात्र स्वस्तात विकू नका.