गाडीला ताप कधी येतो?

दोस्तांनो, अंगात ताप भरला की आपण डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर लगेच गोळ्या देतात का? नाही! आधी विचारतात, "ताप कधी येतो? सकाळी की रात्री? थंडी वाजून येतो का?" प्रश्न आधी, गोळी नंतर.

आज आपणही एक पेशंट तपासायचा आहे. वजन दीड टनाच्या आसपास, वय साठीच्या पुढे आणि मुक्काम थेट अमेरिकेत! पेशंटचं नाव आहे पाँटियाक जीटीओ आणि जन्मसाल १९६४. अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं, दांडगं इंजिन बसवलं की झाली मसल कार! जीटीओच्या इंजिनात आठ सिलिंडर आणि त्या सगळ्यांचं मिळून आकारमान सुमारे ६.४ लिटर. आपल्या जुन्या मारुती ८०० चं इंजिन होतं ०.८ लिटरचं. करा बघू भागाकार! आठ मारुतींची इंजिनं एकाच बॉनेटखाली कोंबल्यासारखं झालं की नाही?

मिशिगन राज्यात डेट्रॉइटपासून पाँटियाक शहरापर्यंत वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता जातो. १९९५ साली तिथे ऑगस्ट महिन्यात जुन्या गाड्यांची जत्रा सुरू झाली. ऑगस्ट म्हणजे तिकडे उन्हाळा बरं का! हजारो गाड्या त्या रस्त्यावरून मुंगीच्या पावलांनी चालतात. अशा वेळी एखाद्या चकचकीत जुन्या गाडीच्या बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले, की समजायचं, गाडीला ताप आला!

समजा, ही गाडी एका आजोबांची आहे. कुणीतरी त्यांना सांगतं, "नवा, मोठा रेडिएटर बसवा." आजोबा भरपूर पैसे खर्च करून तो बसवतात. पुढच्या वर्षी गाडी पुन्हा तापते! का? कारण ताप कधी येतो, हे कुणी विचारलंच नाही.

ते विचारण्याआधी, गाडी थंड कशी राहते ते समजून घेऊ. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण पाव हिस्साच अशा जुन्या इंजिनात चाकं फिरवायला उपयोगी पडतो. बाकीच्यातली बरीचशी सायलेन्सरवाटे बाहेर जाते आणि बरीचशी इंजिनच्या लोखंडात शिरते. ती बाहेर काढण्यासाठी इंजिनभोवती पाणी खेळवलेलं असतं. गरम चहा लवकर प्यायचा असेल तर तुम्ही काय करता? बशीत ओतता आणि फुंकर घालता. गाडीतही अगदी तसंच! गरम पाणी रेडिएटरच्या बारीक चपट्या नळ्यांत पसरतं, ती झाली बशी. पुढून वारा लागतो, ती झाली फुंकर. गार झालेलं पाणी वॉटर पंप पुन्हा इंजिनकडे ढकलतो.

म्हणजे बिघाड बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असणार. एक तर फुंकर कमी पडते आहे, नाहीतर पाणी नीट फिरत नाही आहे.

चला तपासायला! पहिला प्रश्न, खरंच ताप आहे का? साठ वर्षांच्या गाडीतला काटाही साठ वर्षांचा असतो, आणि तो खोटं बोलू शकतो. २०२० साली करोनाच्या साथीत दारावर कपाळासमोर एक थर्मामीटर धरायचे, आठवतं? त्याच जातीचा पण जास्त तापमान मोजणारा थर्मामीटर गॅरेजमध्ये असतो. तो इंजिनच्या तोंडाशी धरून बघायचा. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस असेल तर पेशंट ठणठणीत, काटा बदला!

दुसरा प्रश्न, पाणी पुरेसं आहे का? पण थांबा. इथे नीट लक्ष द्या, कारण इथेच लोक भाजतात. रेडिएटरचं झाकण म्हणजे स्वयंपाकघरातल्या कुकरचं झाकणच. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० अंशांच्या आसपास उकळतं. गरम गाडीचं झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि आतलं पाणी त्याच क्षणी उसळून तोंडावर, हातांवर येतं. शिट्टी न काढता कुकर उघडल्यासारखंच ते! म्हणून इंजिन पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. गाडी नवी असो की जुनी, अमेरिकेतली असो की आपल्या दारातली, नियम एकच.

आणि आता डॉक्टरांचा प्रश्न. ताप कधी येतो?

समजा, गाडी गर्दीत, हळू चालताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात गेली की गार होते. काय कळलं? वेगात गाडीला आपोआप वारा लागतो. हळू चालताना मात्र सगळी भिस्त पंख्यावर. म्हणजे बिघाड फुंकरीत! जुन्या गाड्यांत हा पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा सैल झालाय का? पंख्याचा क्लच निकामी झालाय का? पंख्याभोवती एक कडं असतं, ते जागेवर आहे का? हे कडं फार महत्त्वाचं. पूर्वी कधी दुरुस्ती करताना कुणी काढून ठेवलं आणि परत बसवलंच नाही, असंही होतं. मग पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी तीच ती गरम हवा घुसळत बसतो. वुडवर्डच्या गर्दीतल्या आजोबांच्या गाडीला नवा रेडिएटर नको होता, कदाचित एवढं कडंच हवं होतं!

आता उलटं बघा. गर्दीत ठीक, पण वेगात गेलं की ताप. वेगात तर वारा भरपूर! म्हणजे बिघाड पाण्याच्या वाटेत. इंजिन जास्त उष्णता देतंय आणि पाणी ती तितक्या लवकर बाहेर नेत नाही. जीटीओचं इंजिन ओतीव लोखंडाचं. वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ रेडिएटरच्या नळ्यांत अडकतो. तोच थर्मामीटर रेडिएटरवरून फिरवायचा. मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. तिथे गरम पाणी पोचतच नाही! पाँटियाकच्या इंजिनात आणखी एक जागा तपासतात. वॉटर पंपाच्या फिरत्या पात्यांपाशी पत्र्याची एक तबकडी असते. पाती आणि तबकडी यांच्यात फट जास्त राहिली, तर पंप जोरात फिरूनही पाणी कमीच ढकलतो.

आणि गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात, उभ्या उभ्याच तापली तर? मग संशय थर्मोस्टॅटवर. हा पाण्याच्या वाटेवरचा पहारेकरी. त्याच्या पोटात मेण असतं. पाणी ठरलेल्या तापमानाला, समजा ८२ अंशांना पोचलं की मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. दार अडकलं की पाणी आतच कोंडतं. याची तपासणी तर स्वयंपाकघरातही होते. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगायचा, पाणी तापवायचं आणि दार कधी उघडतं ते थर्मामीटर लावून बघायचं. अर्थात, मोठ्या माणसांना बरोबर घेऊनच हं!

कधी कधी ठिणगी उशिरा पडत असेल, म्हणजे टायमिंग चुकलं असेल, तरीही इंजिन तापतं. आणि पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर मात्र दुखणं मोठं. हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. तेव्हा गाडी चालवायचीच नाही.

रस्त्यात काटा चढायला लागला तर एक गमतीची युक्ती आहे. ऐन उन्हात गाडीचा हीटर लावायचा! हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तोही इंजिनची उष्णता बाहेर ओढतो. माणसं घामाघूम होतात, पण इंजिनला थोडा आराम मिळतो. तेवढ्यात सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. तसंच दामटत राहिलं तर सिलिंडरचं हेड वाकतं, तडकतं आणि पट्ट्यापुरता खर्च इंजिनावर जातो.

शहाणा मेकॅनिक स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी तपासतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो, गाडी फिरवून बघतो आणि वहीत लिहितो. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली हे कसं कळणार? गणित चुकलं की सगळं खोडू नका, चूक कुठल्या पायरीवर झाली ते आधी शोधा, असं तुमच्या बाई सांगतात ना? ते याचसाठी.

आता तुमच्यासाठी कोडं. रेडिएटरला दोन जाड रबरी नळ्या असतात. वरच्या नळीतून गरम पाणी इंजिनातून येतं, खालच्या नळीतून गार पाणी पंपाकडे जातं. यांतल्या एकाच नळीत बऱ्याचदा तारेची स्प्रिंग घातलेली असते. कुठल्या? आणि का? मऊ कागदी स्ट्रॉने घट्ट लस्सी जोरात ओढून बघा, उत्तर हातात येईल. आई-बाबांनाही सोडवायला द्या. उत्तर पुढच्या अंकात!