बेटावरची लक्ष्मी

लक्ष्मी चंचल असते, हे आपण आजीच्या तोंडून ऐकत आलो. त्याचा रोकडा दाखला कोणाला हवा असेल, तर त्याने नकाशा उघडावा आणि प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित खाली, नाऊरू नावाचा ठिपका शोधावा. चष्मा जवळ असलेला बरा! क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर आणि वस्ती बारा हजारांच्या आसपास. गर्दीच्या वेळच्या तीन लोकल गाड्यांत हे सारे राष्ट्र मावेल. पण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९९ पासून त्याला एक मत आहे. आपल्या एवढ्या थोरल्या भारताला तरी कुठे दोन आहेत?

या राष्ट्राची कथा एका दगडापासून सुरू होते. सिडनीतील एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत, दार उघडे राहावे म्हणून, या बेटावरून आलेला एक दगड लावून ठेवलेला असे. १८९९ साली तेथील अल्बर्ट एलिस यांनी तो तपासून पाहिला, तर तो निघाला उंची फॉस्फेट, म्हणजे खताचे सोनेच. मग काय, खाणी सुरू झाल्या. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून मालकी घेतली. माल स्वस्तात त्यांच्या शेतांवर गेला आणि बेटवाल्यांच्या हाती चिल्लर पडली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बाराशे माणसे ट्रूक बेटांवर नेली. ३१ जानेवारी १९४६ रोजी त्यांतली अवघी ७३७ परतली. पुढे त्याच तारखेला, १९६८ साली, देश स्वतंत्र झाला.

त्यानंतर काही वर्षे तेथे रोजच दिवाळी होती. लोकांना कर नाही, सरकारची स्वतःची विमाने, मेलबर्नमध्ये ५२ मजली ‘नाऊरू हाऊस’. १९९३ साली लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीवर एक संगीत नाटक आले, त्यालाही पैसा याच बेटाचा. नाटक पडले, दगड संपत आला आणि २००४ साली ती टोलेजंग इमारतही कर्जापायी विकावी लागली.

घरातले सोने संपले की माणूस भांड्यांना हात घालतो. राष्ट्राजवळ मात्र आणखी एक वस्तू असते : आपले नाव. नाऊरूने शिक्का विकायला काढला. १९९० च्या दशकात तेथे चारशेच्या आसपास बँका नोंदल्या गेल्या. त्यांना ना गल्ला, ना कारकून. पत्ता म्हणून टपालाची एकच पेटी! एकट्या १९९८ सालात रशियातून सत्तर अब्ज डॉलर या वाटेने गेले, असा आरोप रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या एका उपाध्यक्षांनीच केला. पारपत्रेही विकली गेली. अखेर २००० साली आंतरराष्ट्रीय काळ्या यादीत नाव लागले. त्या बँका बंद केल्यावर, २००५ साली, ते निघाले.

मग उरले मत आणि मैत्री. २००२ साली तैवान सोडून चीनशी सोयरीक. २००५ साली पुन्हा तैवान. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीन! ऑस्ट्रेलियाला समुद्रातून येणारे निर्वासित आपल्या दारात नको होते. २००१ पासून त्यांना ठेवायला जागा मिळाली ती याच बेटावर, अर्थात पैसे मोजून. आणि डिसेंबर २०२४ च्या करारात ऑस्ट्रेलियाने मदत देऊ केली, पण सुरक्षा, बँका आणि दूरसंचार यांत तिसऱ्याला घेण्यापूर्वी आमची संमती हवी, हेही लिहून घेतले.

वाचून हसू येते खरे. पण वाचकहो, बाजार एकट्याने भरत नाही. त्या बँकांत पैसे ठेवणारे नाऊरूचे कोळी नव्हते. मताला किंमत बेटाने दिली नाही, ती मोठ्या राजधान्यांनी दिली. विकणाऱ्याचे नाव चव्हाट्यावर येते आणि घेणारा सोवळे नेसून वर उपदेश करतो! नाऊरू काही संन्यासी नव्हे, तेथील पुढाऱ्यांनी पैसा उधळला हे खरेच. पण चोरांच्या या आळीत फाशीचा दोर त्याच्याच गळ्याला नेमका बसला. खाणींनी उद्ध्वस्त केलेल्या जमिनीबद्दल त्याने ऑस्ट्रेलियाला हेगच्या न्यायालयात खेचले होते. १९९३ साली तडजोडीत १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. ही गोष्ट मात्र विनोद करणारे सांगत नाहीत.

आज बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग खणून काढलेला, नुसते सुळके उभे. माणसे राहतात काठच्या चिंचोळ्या पट्टीवर, आणि समुद्र चढतो आहे. म्हणून घरे आतल्या उंच भागात हलवायची आहेत, त्याच खणलेल्या माळावर! त्यासाठी २०२५ पासून पुन्हा नागरिकत्व विक्रीला आहे. विक्री सुरू झाली तेव्हा किंमत १,०५,००० अमेरिकी डॉलरपासून पुढे होती.

एके काळी पायाखालची जमीन विकून त्यांनी पैसा केला. आता पाय ठेवायला जमीन मिळावी म्हणून ते नाव विकत आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण केरसुणीचीही पूजा करतो. केर काढणारीलाच लक्ष्मी मानणाऱ्या आपण, दुसऱ्याच्या अंगणात केर कोणी टाकला, एवढे तरी विचारावे.