सशाची लोकर आणि बाजाराचे माप

ज्या गुणाला पैसा अथवा मान मिळतो, त्याच गुणाची पैदास होत जाते. पशुपालनातील हा नियम अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसला, तरी अंगोरा सशाच्या इतिहासात तो ठसठशीतपणे दिसतो. अमेरिकेतील ससेपालकांच्या संघटनेने अंगोराच्या इंग्लिश, फ्रेंच, सॅटिन आणि जायंट अशा चार जाती मान्य केल्या आहेत. प्रदर्शनात टेबलावर बसविलेला इंग्लिश अंगोरा पाहिला, तर कानांवर झुपके, गालांवर आणि कपाळावर दाट केस, त्यातून डोळे शोधून काढावे लागतात! परीक्षक लोकरीलाही गुण देतो. पण ती हाताला कशी लागते, किती दाट व लांब आहे, हे पाहून. वर्षाकाठी ती किती निघाली आणि तिला कोणी गिऱ्हाईक भेटले काय, हा त्याचा विषय नव्हे. जर्मन पैदासकारांनी मात्र तराजू हाती घेतला. प्रत्येक कातरणीचे वजन नोंदवायचे आणि वजनदार माद्यांचीच वीण पुढे चालवायची, हा क्रम त्यांनी चिकाटीने चालविला. काहीशे ग्रॅमांवर असलेले वार्षिक उत्पन्न विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एका सशामागे किलोच्या वर गेले ते या नोंदवहीमुळे. जात एकच, परंतु मापे दोन. म्हणून फळेही दोन.

ही लोकर आहे मोठी गुणाची. मेरिनो मेंढीचा धागा साधारणतः १८ ते २४ मायक्रॉन जाडीचा, तर अंगोराचा १२ ते १४ मायक्रॉनच्या आसपास. केसाच्या गाभ्यात हवेचे कप्पे असल्याने तो वजनाला हलका आणि उबेला भारी. (अंगोरा नावाची शेळीही असते, तिच्या केसांना मोहेर म्हणतात आणि दुकानदार या दोहोंत पुष्कळदा गल्लत करतात.) मात्र हा केस इतका गुळगुळीत असतो की नुसता कातला तर निसटतो, म्हणून मेंढीच्या लोकरीशी त्याचा मेळ घालावा लागतो. केस वेळेवर न काढले तर ससा ते चाटून गिळतो, आणि त्याला उलटी होत नसल्यामुळे पोटात गोळा होऊन तो दगावतो. तेव्हा केस काढणे हा सशावरील जुलूम नव्हे, ती त्याची गरजच आहे. जुलूम कोठे सुरू होतो, हे ते काढण्याच्या रीतीवर ठरते.

दर अडीच-तीन महिन्यांनी कात्रीने कातरणे ही एक रीत. फ्रान्समध्ये केस गळतीच्या वेळी ते हाताने काढण्याची परंपरा होती. सुबाभळीच्या पाल्यातील मिमोसिन या द्रव्याने जनावरांचे केस झडतात, या गुणाचाही तेथे उपयोग करून घेण्यात आला. हाताने काढलेला केस लांब आणि टोकदार राहतो, म्हणून त्याला भाव अधिक. पण गळतीची वाट न पाहता तोच केस ओरबाडला, तर भाव तेवढाच मिळतो आणि वेळ वाचतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘पेटा’ या प्राणिहक्क संघटनेच्या आशियाई शाखेने चीनमधील चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा जगाने हेच पाहिले. एरवी मुका असणारा ससा त्यात किंचाळत होता. युरोपातील मोठमोठ्या वस्त्रविक्रेत्यांनी अंगोराची खरेदी थांबविली. स्पेनच्या इंडिटेक्सने २०१५ मध्ये शिल्लक कपडे लेबनॉनमधील सीरियन निर्वासितांना देऊन टाकले. त्या काळी जगातील सुमारे नव्वद टक्के अंगोरा लोकर चीनमधून येत होती.

गिऱ्हाइकाचा संताप रास्त होता. तथापि बहिष्काराला डोळे नसतात. गाठोड्यात बांधलेल्या लोकरीवर ती कातरलेली की ओरबाडलेली, हे लिहिलेले नसते. त्यामुळे क्रौर्य करणारा आणि कात्री चालविणारा, दोघांच्याही मालाची मागणी एकाच दिवशी आटली. चांगल्या उत्पादकाला आपले चांगुलपण सिद्ध करण्याचे साधन नसले, की बाजार त्याला वाइटाच्या पंक्तीला बसवितो.

हा प्रश्न आपल्या देशातही आहे. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे एक केंद्र कुलू खोऱ्यात गडसा येथे आहे. ऐंशीच्या दशकात तेथे जर्मन अंगोरा आणले गेले आणि पुढे हिमाचल व उत्तराखंडातील पहाडी कुटुंबांपर्यंत हे ससे पोहोचले. हवामानाची निवड योग्यच होती. हा प्राणी थंडीचा सोबती आहे, पारा तिशीच्या वर गेला की तो धापा टाकतो. कल्पनाही चांगली होती. जमीन थोडी, हिवाळा लांब, घरात चरखा आणि माग. दहा ससे म्हणजे घरच्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा. पण हिशेब मांडून पाहावा. दिवसाला १५० ग्रॅम खुराक धरला, तर एका सशाला वर्षाकाठी सुमारे ५५ किलो खाद्य लागते आणि बदल्यात उत्तम जनावरापासून किलोभर लोकर मिळते. खाद्य दर आठवड्याला रोखीने आणावे लागते. लोकरीचे पैसे मात्र दलाल येईल तेव्हा. भाव पडला तर मेंढी चरायला सोडता येते, पिंजऱ्यातील ससा सोडता येत नाही. सरकारी योजनांनी ससे, पिंजरे व प्रशिक्षण दिले. खात्रीच्या भावाने वर्षानुवर्षे लोकर विकत घेणारा कोण, हा प्रश्न प्रत्येक योजनेने पुढच्या योजनेकडे सोपविला.

लोकरीला गिऱ्हाईक नसले की पैदाशीच्या जोड्या विकण्याचा मोह होतो. जोवर नवे पाळणारे येत राहतात तोवर धंदा तेजीत दिसतो. खरा ग्राहक मात्र साखळीच्या टोकाला कोठेच नसतो. महाराष्ट्राला हे निराळे सांगावयास नको. इमूचे मांस व तेल घेणारा कोणी नाही हे २०१२ च्या सुमारास उमगेपर्यंत शेतकऱ्यांनी कर्जे काढली होती. २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीच्या निमित्ताने सांगली-कोल्हापूर भागात त्याचीच आवृत्ती निघाली.

कुलूच्या शालीला भौगोलिक मानांकन आहे. ते विणकामाची ओळख सांगते. तीत घातलेला अंगोरा कसा काढला, हे सांगत नाही. खोऱ्यातील एखाद्या सहकारी केंद्रात ठरलेल्या दिवशी ससे आणून सर्वांसमक्ष कातरावेत, लोकर तेथेच प्रतवार तोलावी, सशाचा क्रमांक, तारीख व वजन वहीत चढवावे आणि निम्मे पैसे त्याच दिवशी चुकते करावेत. या व्यवस्थेला गडसाच्या केंद्राचे शास्त्रज्ञ पुरेसे आहेत. खर्च आहे तो एका कारकुनाचा, एका तराजूचा आणि खेळत्या भांडवलाचा. हे भांडवल उभे राहीपर्यंत नव्या ससेवाटपाची फाईल थांबविली, तर डोंगरातल्या कोणाचेही त्यात नुकसान नाही.