कंपायलर शिकूं पाहणाऱ्यांस दोन शब्द

संगणकशास्त्राची आवड असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकजण हल्लीं विचारूं लागले आहेत कीं, कंपायलर रचण्यास शिकावयाचें तर कोणतीं साधनें मिळवावीं? पालकही जाड पुस्तकांच्या व खासगी वर्गांच्या खर्चाची चौकशी करितात. आमचें मत असें आहे कीं, या विद्येचें पहिलें साधन वही व पेन्सिल हेंच होय, बाकीचीं मागाहून.

कंपायलर म्हणजे मनुष्यानें लिहिलेल्या प्रोग्रॅमचें यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा दुभाष्या. व्याकरणाच्या तासास बसलेल्या मुलास त्याचें काम अगदींच परकें नाहीं. तो प्रथम अक्षरांचे शब्द पाडितो, मग वाक्यपृथक्करण करितो, आणि शेवटीं आज्ञा लिहितो. ‘८ − ३ − २’ एवढेंच उदाहरण घ्या. पहिली वजाबाकी आधीं केल्यास ३ उरतात. दुसरी आधीं केल्यास ७. कोणती आधीं करावी हें यंत्र आपण होऊन जाणत नाहीं. तो नियम त्या भाषेच्या व्याकरणांत लिहावा लागतो.

१९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आय.बी.एम. कंपनींत फोर्ट्रान भाषेचा कंपायलर पुरा केला, तेव्हां हें सारें हातानें रचावें लागलें. पुढें १९७५ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत लेक्स व याक हीं हत्यारें निघालीं. व्याकरणाचे नियम दिले कीं वाक्यपृथक्करण करणारा प्रोग्रॅम याक स्वतःच लिहून देतें. सोय मोठी खरी, परंतु धोकाही तेथेंच आहे. वरील वजाबाकीचा नियम अर्धवट लिहिला, तर याक लहानशी सूचना देऊन काम तसेंच पुढें चालवितें, आणि उत्तर ७ येतें. ज्यानें हें काम एकदां तरी हातानें केलें आहे, त्यासच त्या सूचनेचा अर्थ कळतो. इतरांचें घर वाळूवर बांधलेलें. पाऊस येईपर्यंत उभें. आतां तर सांगितल्याबरोबर प्रोग्रॅम लिहून देणारीं साधनेंही निघालीं आहेत. त्यांसही हीच गोष्ट लागू आहे.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम बेरीज-वजाबाकी समजणारा लहानसा दुभाष्या परिचित अशा कोणत्याही संगणकभाषेंत स्वतः लिहावा. मग रॉबर्ट निस्ट्रॉम यांचें ‘क्राफ्टिंग इंटरप्रिटर्स’ (२०२१) हें इंग्रजी पुस्तक वाचावें. तें इंटरनेटवर विनामूल्य मिळतें, व त्यांत एकाच भाषेचे दोन दुभाषे पायरीपायरीनें रचून दाखविले आहेत. आहो, सेठी व उलमन यांचा १९८६ चा प्रसिद्ध ग्रंथ महाविद्यालयाकरितां राखून ठेवावा. याकसारखीं हत्यारें त्यानंतर हातीं घ्यावींत.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, पैसा खर्चण्यापूर्वीं मुलांस वेळ द्यावा. आणि वहीचीं कांहीं पानें चुकांनीं भरलीं, तर तीं वायां गेलीं असें समजूं नये.