फिरत्या घरांतून : सिरोंचा

आगगाडी आल्यापासून वाटेंतलें गांव म्हणजे खिडकींतून मागें पळणारें एक पाटीवरचें नांव, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वऱ्हाड-नागपुराकडे रेंगी किंवा दमणी जोडून माणसें निघत, तेव्हां असें होत नसे. बैलांना पाणी पाजावयास तरी थांबावेंच लागे, आणि थांबलें कीं चार माणसांशीं बोलणें आलेंच. अलीकडे मोटारीलाच बिछाना, शेगडी आणि पाण्याची टांकी जोडून तिचें फिरतें घर करितात. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं अशा कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरणही जाहीर केलें. आम्हांस त्यांत नवें फारसें दिसलें नाहीं. रेंगीच ती, बैल तेवढे गेले.

असें एक घर भाड्यानें घेऊन आम्ही नागपुराहून चंद्रपूर, आलापल्ली या मार्गानें सिरोंच्यास गेलों. मातुःश्रींना कालेश्वराचें दर्शन हवें होतें. आमच्या घरांतून मात्र "एक दिवस तरी घड्याळ पेटींत ठेवा," एवढीच अट होती. ती पाळली.

सिरोंचा हें महाराष्ट्राचें अगदीं आग्नेयेचें टोंक. गडचिरोली हें जिल्ह्याचें ठिकाण येथून सुमारें २०० किलोमीटर दूर. नदीपलीकडचा तेलंगण मात्र हांकेच्या अंतरावर. त्यामुळें बाजारांत तेलुगूच अधिक ऐकूं येते. मराठी आणि माडिया तिच्या जोडीस. मिरचीवालीनें मातुःश्रींना "अम्मा" म्हणून जवळ बसविलें व तिखटाची प्रत वासावरून कशी ओळखावी हें शिकविलें. भाषा एकीला दुसरीची येत नव्हती. पण मिरचीनें दोघींच्याही डोळ्यांस सारखेंच पाणी आणिलें.

या लहानशा गांवाला एके काळीं मोठें भविष्य सांगितलें गेलें होतें, हें कोणास खरें वाटणार नाहीं. १८६० च्या तहानें निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हें 'अपर गोदावरी' जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. सर आर्थर कॉटन यांची कल्पना अशी होती कीं, हिंगणघाटकडचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी या नद्यांनीं होड्यांतून थेट समुद्रास न्यावा. पण नदींत तीन ठिकाणीं खडकांचे अडथळे. ते बांध-कालवे काढून टाळावयाचे. कामें चालूं असतांच १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास येऊन ठेपली, १८७१ सालीं होड्यांची योजना सोडून देण्यांत आली, आणि १८७४ सालीं जिल्हाही मोडून सिरोंचा चांद्याची एक तहसील झाली. घाटावर उभें राहून हें आठवावें. जेथें बंदर व्हावयाचें तेथें बायका धुणें धूत असतात.

प्राणहितेचें पात्र येथें इतकें रुंद आहे कीं पलीकडचा माणूस ओळखूं येत नाहीं. २०२२ च्या एप्रिलांत पुष्कर पर्वणीला या दोन्ही तीरांवर स्नानासाठीं अपार गर्दी लोटली होती. आतां पूल असल्यामुळें कालेश्वरास जाणें सोपें. तेथें एकाच पीठावर दोन लिंगें आहेत, एक कालेश्वराचें म्हणजे यमाचें व दुसरें मुक्तेश्वराचें. यमाची पूजा आधीं करावयाची. मातुःश्री म्हणाल्या, "बरोबरच आहे. ज्याच्याकडे आधीं जावयाचें त्याला आधीं भेटावें." त्यांच्या बोलण्यांत खेद नव्हता, आम्हांलाच पुढें बोलवेना.

दुपारीं वडधमला गेलों. वनखात्यानें तेथें जीवाश्मांचें उद्यान केलें आहे. झाडांचे बुंधे दगड होऊन पडलेले दिसतात. प्राणहितेकांठच्या कोटा या गांवाचें नांव येथील एका खडकथरास दिलें आहे, आणि त्याच थरांतून 'बारापासॉरस' या सुमारें १४ मीटर लांबीच्या प्राण्याचीं हाडें निघालीं. जातीचें नांव रवींद्रनाथ टागोरांवरून ठेविलें. सांगाडा कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्थेंत आहे. संख्याशास्त्राच्या घरीं हाडें कशीं, असें मुलांनीं विचारलें. त्या संस्थेंत भूशास्त्राचीही शाखा आहे, इतकें सांगून वेळ निभावली.

सायंकाळीं नदीकांठच्या एका खेड्यांत चहा करावयास थांबलों असतां एक वृद्ध शेतकरी जवळ आले. त्यांनीं गाडींतली चूल, बिछाने नीट पाहिले व विचारलें, "घर बरोबर घेऊन फिरतां, तर मग शेत कोठें?" शेत नाहीं म्हणतांच ते हंसले. "आमचें उलटें. घर जागेवर आहे, शेत गेलें."

गोदावरीवरील मेडीगड्डा बंधारा २१ जून २०१९ रोजीं सुरू झाला. पंच्याऐंशी दरवाजांच्या या बंधाऱ्याचें एक टोंक याच तालुक्यांत टेकलें आहे. पाणी तेलंगणाच्या शेतांसाठीं. फुगवटा मात्र या तीरावरच्याही जमिनींत शिरला, आणि मोबदल्यासाठीं येथील शेतकऱ्यांस उपोषणास बसावें लागलें. २०२३ च्या ऑक्टोबरांत बंधाऱ्याचे कांहीं खांबच खचले. पाणी अडविणें वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्याच्या बांधावर पाणी चढतें त्याला मोजमापाच्या वेळीं बोलवावें, एवढें साधें सौजन्य दोन राज्यांना कठीण जाऊं नये. त्या गृहस्थांनीं चहा घेतला, पण बसावयास कांहीं केल्या गाडींत आले नाहींत.

रात्रीं विश्रामगृहाच्या आवारांत, परवानगी घेऊन, गाडी उभी केली. या अरण्यप्रदेशांत वाटेल तेथें मुक्काम करूं नये. पोलीस ठाण्यांत वर्दी द्यावी, टांकी आलापल्लीसच भरून घ्यावी आणि हिवाळ्यांत निघावें. सोमनूरला इंद्रावती गोदावरीस मिळते, तें पाहावयाचें राहिलें होतें. सकाळीं चहाच्या वेळीं आमच्या घरांतून विचारणा झाली, "आज कोठें?" पेटींतलें घड्याळ कोणीच काढलें नव्हतें. गाडी असरअल्लीच्या रस्त्याला लाविली.